कार सुधारावी की पहिली मोटारसायकल घ्यावी?

पुण्यात ‘गाडी’ म्हटले की अजूनही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दुचाकीच येते आणि चारचाकीला आवर्जून ‘कार’ म्हणावे लागते. तरीही हाताशी दोन-अडीच लाख रुपये साठलेल्या आणि वेगाची आवड असलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो: दारातल्या चपळ कारवर हे पैसे खर्च करावेत, की त्यातून आयुष्यातली पहिली मोटारसायकल घ्यावी? माझ्यापुढे हा प्रश्न आला तो माझ्या २०१४ सालच्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय या कारमुळे. काटेकोर अर्थाने तिला स्पोर्ट्‌स कार म्हणता येणार नाही, परंतु १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती) शक्ती आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, एवढ्या ऐवजावर पगारदार माणसाची स्पोर्ट्‌स कार म्हणून ती आपल्याकडे वर्षानुवर्षे मिरवली. पुढील विवेचन तिच्या आधाराने केले असले, तरी इतर कारच्या मालकांनाही ते थोड्याफार फरकाने लागू पडेल.

‘जास्त मजा कशात?’ असे स्वतःला विचारू नये, कारण त्याचे उत्तर त्या आठवड्यात आपण कोणता व्हिडिओ पाहिला यावर ठरते. त्याऐवजी एक वही घ्यावी आणि पुढच्या दहा फेऱ्यांची नोंद ठेवावी: कुठे गेलो, किती वाजता, बरोबर कोण होते आणि नेमक्या कोणत्या क्षणी काहीतरी कमी पडल्यासारखे वाटले. माझ्या दहापैकी सहा फेऱ्यांत घरची मंडळी बरोबर होती. शक्ती कमी पडल्याची नोंद एकच निघाली आणि तीही वरंधा घाटात एका ट्रकमागे अडकल्याची, जिथे दुप्पट शक्ती असती तरी पुढे जायला जागा नव्हती. उलट ‘वळणावर कार ढिली वाटते’ आणि ‘ब्रेक दाबल्यावर विश्वास वाटत नाही’ अशा नोंदी चार होत्या. म्हणजे मी ज्याला शक्तीची भूक समजत होतो, ती बऱ्याच अंशी देखभालीची थकबाकी होती.

म्हणून निर्णय कोणताही घ्यायचा असो, आधी कार मूळ अवस्थेत आणावी. सुरुवात टायरपासून करावी. टायरच्या कडेवर ‘DOT’ या अक्षरांनंतर येणाऱ्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी भरपूर शिल्लक दिसली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक झालेले असते आणि पावसाळ्यात ताम्हिणी घाटातल्या ओल्या वळणांवर ते तुमची परीक्षा पाहते. टायर बदलताना रुंदी वाढवण्याचा मोह होतो. तेव्हा कागदावर गणित करावे: टायरच्या आकारातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत कडेची उंची आणि शेवटचा इंचांत रिमचा व्यास सांगतो. १८५/६० आर १५ या टायरचा व्यास साधारण ६०३ मिलिमीटर भरतो आणि १९५/६० आर १५ चा ६१५, म्हणजे दोन टक्के जास्त. एवढा फरक स्पीडोमीटरला फारसा जाणवत नाही. १९५/५५ आर १६ चा व्यास मात्र ६२१ मिलिमीटर, म्हणजे तीन टक्के जास्त होतो आणि त्यासाठी चाकाची रिमही बदलावी लागते. कंपनीने आपल्याच मॉडेलच्या एखाद्या आवृत्तीत जो आकार दिला आहे, त्यापलीकडे जाऊ नये, हे माझे मत आहे.

त्यानंतर ब्रेक ऑइल. हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पुरेसा ओलावा शोषल्यावर तोच १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. या आकड्यांचा अर्थ मला आंबेनळी घाटात कळला. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना शेवटच्या टप्प्यात ब्रेकचे पेडल स्पंजासारखे दबू लागले, कार कडेला घेऊन अर्धा तास थांबावे लागले आणि नंतर गॅरेजमध्ये कळले की मागच्या मालकाने ब्रेक ऑइल कधी बदललेच नव्हते. काही शे रुपयांचे काम होते. दर दोन वर्षांनी ते करावे आणि त्याच वेळी पॅड, सस्पेन्शनचे बुश (जोडांतले रबरी आधार), लिंक रॉड व अलाइनमेंट तपासून घ्यावे. एवढे झाल्यावर महिनाभर कार चालवून वही पुन्हा उघडावी. तक्रारी संपल्या असतील, तर कारचा प्रश्न बहुतांशी सुटला आणि उरलेले पैसे मोकळे झाले.

त्यापुढची पायरी म्हणजे इंजिनचा रिमॅप (संगणकातली सेटिंग बदलून शक्ती वाढवणे), मोठा इंटेक (इंजिनात हवा घेणारा मार्ग) आणि बदललेला सायलेन्सर. येथे दोन अडथळे आहेत. पहिला यंत्राचा: या पोलोतल्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीची क्षमता २५० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतची (टॉर्क म्हणजे फिरवण्याची ताकद) आहे आणि इंजिनचा मूळ टॉर्क १७५ आहे. ही मोकळी जागा पाहून माणूस खुशाल होतो. पण दहा वर्षे शहरातल्या वाहतुकीत घासलेला क्लच नव्या क्लचइतका भार उचलेल, असे गृहीत धरता येत नाही. फोक्सवॅगनच्याच व्हर्टस आणि टायगुन या गाड्यांच्या १.५ लिटर इंजिनाचा मूळ टॉर्कच २५० आहे, तेव्हा डीएसजी असलेल्या त्या गाड्यांच्या मालकांना ही मोकळी जागाही मिळत नाही. दुसरा अडथळा कायद्याचा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, ते वेगळेच.

आता मोटारसायकलकडे वळू. वहीत ‘कंटाळा आला’, ‘एकट्याने निघावेसे वाटले’, ‘आता यात शिकण्यासारखे काही उरले नाही’ अशा नोंदी वारंवार येत असतील, तर ती गरज कारवरच्या कोणत्याही खर्चाने भागणार नाही, हे मान्य करावे. मात्र मोटारसायकल म्हणजे कमी पैशातली स्पोर्ट्‌स कार नव्हे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. घरातून विरोध होईल, आणि आईच्या विरोधाला हा आकडा पाठिंबा देतो, हे प्रामाणिकपणे स्वीकारून पुढे जावे.

परवान्यापासून आरंभ करावा. कारचा परवाना मोटारसायकलला चालत नाही आणि विनागिअर स्कूटरचा परवानाही पुरत नाही. गिअरच्या मोटारसायकलसाठी स्वतंत्र नोंद लागते. लर्निंग लायसन्स काढल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते आणि लर्निंगची मुदत सहा महिने असते. या महिन्याभरात, गाडी विकत घेण्याआधीच, मित्राची १५० सीसीच्या आसपासची जुनी मोटारसायकल मागून घ्यावी आणि सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये आठचा आकडा काढत राहावे. क्लच अर्धा दाबलेला, मागचा ब्रेक हलकेच लावलेला, नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिकडे वळायचे तिकडे: हे जमेपर्यंत पाय चार-सहा वेळा जमिनीला टेकतातच. कारचालकाची जुनी सवय येथे आडवी येते. थांबण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते आणि तो ब्रेक पायात नसून उजव्या हातात असतो. घाबरलेला कारचालक मात्र पायच दाबतो आणि मागचे चाक घसरवतो. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या गाडीवर हे फार लवकर कळते. या महिन्यात उत्साह मावळला, तर अडीच लाख वाचले असे समजावे.

उत्साह टिकला, तर निवड ३५० सीसीच्या रेषेकडे पाहून करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवरचा ४० टक्के झाला. विम्यातही हीच रेषा आहे: २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये, तर त्यापुढे १५,११७ रुपये आहे. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० सारखी गाडी सुमारे २० अश्वशक्ती आणि २७ न्यूटन मीटर टॉर्क देते. पोलोवाल्याला हे आकडे हास्यास्पद वाटतील. प्रत्यक्ष बसल्यावर वाटणार नाहीत. तिचे १९५ किलो वजन मात्र शोरूममध्ये उभ्याने ढकलून, उतारावर मागे घेऊन पाहावे. चाकणलाच बनणारी ४० पीएसची ट्रायम्फ स्पीड ४०० खुणावते, आणि मलाही ती खुणावत होती, पण पहिल्या गाडीसाठी ती मी सुचवणार नाही.

एकूण रकमेचा निदान सहावा हिस्सा हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणाऱ्या बुटांसाठी आधीच बाजूला काढावा. आयएसआय चिन्ह नसलेले हेल्मेट २०२१ च्या जूनपासून विकताच येत नाही. चौकातल्या टपरीवरचे हेल्मेट घेण्यापूर्वी हे आठवावे. त्याचबरोबर आपले रस्तेही तपासावेत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे–वरळी सागरी सेतू आणि अटल सेतू या चारही ठिकाणी दुचाकीला प्रवेश नाही. ज्याची दर शनिवारची फेरी पुणे–मुंबई असते, त्याला जुन्या महामार्गाने खंडाळा उतरावा लागेल.

मी शेवटी कारला चार टायर, पॅड आणि बुश घातले, रिमॅप केला नाही, आणि उरलेल्या पैशांत तीन वर्षे वापरलेली ३५० सीसीची गाडी घेतली. ती पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात घेतली, कारण पहिला पावसाळा नवशिक्याने कारमध्येच काढावा. पहिले हजार किलोमीटर मागे कोणालाही बसवू नये, रात्री निघू नये, आणि रविवारी सकाळी सहाला सुटून नऊच्या आत, वाहतूक जागी होण्यापूर्वी, घरी परतावे.