साबरमतीच्या काठावर: ऊन पाहून काठ निवडावा

अहमदाबादचा साबरमती रिव्हरफ्रंट दोन्ही काठांनी मिळून 20 किलोमीटरांहून लांब असल्यामुळे तो एका फेरीत पाहण्याचा हट्ट धरू नये. एलिस ब्रिज ते सरदार ब्रिज एवढाच टप्पा निवडावा. नदी उत्तर-दक्षिण वाहते, म्हणून पाण्यावरचा सूर्यास्त पाहायचा असेल तर पूर्व काठावर उभे राहावे आणि सूर्योदयासाठी पश्चिम काठ गाठावा. पाण्यालगतच्या खालच्या पदपथावर सावली फारशी नाही आणि वर येण्याच्या पायऱ्या अंतराअंतरावर आहेत, त्यामुळे ज्येष्ठ मंडळी सोबत असल्यास खाली उतरण्यापूर्वीच पुढची चढण्याची जागा हेरून ठेवावी. उन्हाळ्यात तर दुपारी तिकडे फिरकूच नये.

शक्यतो रविवार साधावा. पूर्व काठावर एलिस ब्रिजजवळ भरणाऱ्या गुजरी बाजारात जुनी पुस्तके, लोखंडी अवजारे, भांडी आणि लाकडी खाटा यांची रास लागलेली असते, आणि खरे अहमदाबाद मला तरी कारंज्यांपेक्षा तिथेच अधिक भेटते. 2022 मध्ये खुला झालेला, पतंगाची आठवण करून देणारा सुमारे 300 मीटरांचा अटल पूल केवळ पादचाऱ्यांसाठी असून त्याला तिकीट आहे. तो दिवे लागल्यावर ओलांडावा.