प्रभुभोजनाला पुढे जावं का? जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी

नगर-पुण्याकडची आपली मुलं नोकरी-शिक्षणासाठी न्युरेम्बर्ग, एर्लांगनला येतात. रविवारी जवळच्या लुथरन चर्चमध्ये जातात आणि प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर-प्याल्याची वेळ झाली की मान खाली घालून बाकावरच बसून राहतात. विचारलं तर म्हणतात, "आम्ही इथले सभासद नाही ना." मीही आल्यावर जवळजवळ वर्षभर असाच बसून राहिलो होतो. ते वर्ष उगाच गेलं, म्हणून हे लिहितोय.

बायर्नची (म्हणजे बव्हेरिया, आपण राहतो ते राज्य) लुथरन मंडळी बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांना प्रभूच्या मेजावर बोलावते. सभासदत्वाचा दाखला नको, आपल्या पाळकसाहेबांचं पत्र नको. तुम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असा की मेथडिस्ट, गावाकडे झालेला बाप्तिस्मा इथेही बाप्तिस्माच. लायक कोण, याचं उत्तर लुथरने 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत फार सोपं दिलं आहे: 'तुमच्यासाठी दिलेलं, पापांच्या क्षमेसाठी सांडलेलं' या शब्दांवर ज्याचा विश्वास आहे तो. परक्या देशात, परक्या भाषेत ते 'तुमच्यासाठी' कानावर पडतं तेव्हा काय वाटतं, ते एकदा पुढे जाऊनच अनुभवा.

वसईकडच्या कॅथलिक मंडळींचं थोडं वेगळं. इथले पाळक तुम्हाला परत पाठवणार नाहीत, पण लुथरन पाळकांच्या हातून कम्युनियन घ्यायला तुमच्याच चर्चची परवानगी नाही. आधी आपल्या फादरांशी बोला.

बाप्तिस्मा न झालेले मित्रही कधी सोबत येतात. प्रसाद नाकारू नये अशा चांगल्या भावनेने ते हात पुढे करतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की हा प्रसाद नव्हे. जो ख्रिस्ताचा झाला त्याच्यासाठीचं हे जेवण आहे. पण म्हणून त्यांनी बाकावर एकटं बसायलाही नको. सोबत पुढे यावं, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवावेत. पाळक आशीर्वाद देतात. लहान मुलांचं प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. आपल्याकडे दृढीकरणापर्यंत (कन्फर्मेशन) थांबतात, इथे बऱ्याच ठिकाणी त्याआधीही देतात. पाळकांना विचारून घ्या.

एका बाबतीत मात्र सावध राहा. पाटीवर 'लुथरन' लिहिलेलं प्रत्येक चर्च या मंडळीचं नसतं. 'झेल्क' नावाची स्वतंत्र लुथरन मंडळी आहे. 1817 मध्ये प्रशियाच्या राजाने लुथरन आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) मंडळ्या एकत्र आणल्या. ते ज्यांना पटलं नाही, त्यांच्या परंपरेतली ही मंडळी. भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर-रक्त खरोखर आहे, ही शिकवण एक असल्याशिवाय मेज एक होऊ शकत नाही, असं ते मानतात. आपली सीएनआय तर 1970 मध्ये नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊनच झाली, त्यामुळे झेल्कच्या चर्चमध्ये उपासनेआधी पाळकांना भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते 'थांबा' म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. मला त्यांचं म्हणणं पटत नाही, पण मेजाला इतकं जपणाऱ्यांबद्दल आदर वाटतो.

प्रभुभोजन दर रविवारी असेलच असं नाही. मंडळीच्या पत्रिकेत उपासनेपुढे 'आबेंडमाल', म्हणजे प्रभुभोजन, लिहिलंय का ते बघा. बहुतेक ठिकाणी वेदीभोवती अर्धवर्तुळात उभं राहतात. आपलं घेऊन लगेच वळू नका; पाळक निरोपाचं वचन म्हणतात, मग सगळे मिळून परततात. दारू वर्ज्य असेल तर 'ट्राउबेनझाफ्ट' आहे का विचारा, म्हणजे द्राक्षाचा रस. कित्येक चर्चमध्ये तोच देतात.

आणि पत्ता नोंदवताना अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे 'एव्हांगेलिश', म्हणजे प्रोटेस्टंट, लिहिलंत की चर्च-कर लागू होतो: बायर्नमध्ये आयकराच्या 8 टक्के, पगाराच्या नव्हे. मी भरतो आणि आनंदाने भरतो, पण प्रभुभोजनाचा त्याच्याशी संबंध नाही. ज्या विद्यार्थ्याला आयकरच नाही, त्याला हाही नाही.