मळणीला तोंड बांधताय? या चुका टाळा

गव्हाची मळणी म्हटली की भुसा नाकातोंडात जाणारच. म्हणून बाया पदर तोंडाभोवती आवळतात, गडी उपरण्याचं एक टोक नाकावरून घेतात. दुसरं टोक ट्रॅक्टरवरून मळणीयंत्र फिरवणाऱ्या शाफ्टच्या बाजूला लोंबत राहतं, तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे हा शाफ्ट फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. पाच सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टवर सेकंदात जवळजवळ दीड मीटर कापड गुंडाळलं जातं. ‘ओढून काढतो’ म्हणेपर्यंत मान खाली गेलेली असते आणि तोंड लोखंडावर आदळतं. जबडा, दात, नाक, डोळ्याखालचं हाड. हात जपायचं सगळ्यांना ठाऊक असतं, तोंडाचं कुणी मनातच आणत नाही.

सगळ्यात वाईट चूक मागच्या पक्क्या गाठीची. ती सुटत नाही, तिचा फास होतो. इलॅस्टिकचा मास्क बरा, ओढला तर तुटतो. सोबत साधा गॉगल, आणि अंबाडा टोपीत.

साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, ती पद्धत खरं तर झकास. पदर आत दाबून राहतो. पण बटणं उघडी आणि बाह्या पंजाखाली लोंबत असतील तर आधी शर्टच जाणार.

शाफ्टचं कव्हर ‘ग्रीस मारायला आडवं येतं’ म्हणून गोठ्यात टांगलेलं किती तरी ठिकाणी दिसतं. ते आधी बसवा. पेंढी सारायची नाळही मोजून बघा: किमान ९० सेंमी लांब हवी, त्यातली ४५ सेंमी वरून झाकलेली. नाळ आखूड असली की माणूस आपसूक ड्रमवर वाकतो.

कापड अडकलंच तर पहिल्यांदा ट्रॅक्टर बंद. यंत्र उलटं फिरवू नका, माणसाला खेचू नका, कापड कापा. त्यासाठी खळ्यावर कात्री असू द्या. १०८ ला फोन लावा. तोंडातून रक्त येत असेल तर उताणं झोपवू नका, रक्त आणि जीभ घशात जाते. मान न मुरगळता कुशीवर घ्या. जखमेत हळद, चहापूड भरू नका, नुसतं स्वच्छ फडकं दाबून धरा. पडलेला दात मुळाला हात न लावता दुधात टाका. कान किंवा डोक्याची कातडी सुटली असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. थेट बर्फात नको.

नुसताच गळा आवळला, वरून ओरखडाही नाही, म्हणून घरी बसू नका. आवाज घोगरा झाला किंवा गिळताना दुखलं तर लगेच दवाखाना गाठा. आतली सूज काही तासांनीही चढते.