रोजच्या दुधाच्या सायीतून घरचं तूप, आणि वाया काहीच नाही

तुपाच्या बाटलीवरचा भाव बघून पोटात गोळा येतो आणि इकडे घरोघरी चहाच्या गाळणीत अडकलेली साय नाक मुरडून सिंकमधे जाते, म्हणून लिहायला घेतलं.

आधी दुधाचं बघा. फुल क्रीम किंवा म्हशीचं पाहिजे, त्यात ६ टक्क्यांच्या आसपास फॅट असतं. टोन्डमधे ३ टक्के, म्हणजे मेहनत तेवढीच आणि तूप निम्मं. दूध तापवून जाळी झाकून गार करायचं, मग रात्रभर फ्रीजमधे. सकाळी साय भाकरीसारखी अख्खी उचलून येते.

स्टीलच्या डब्यात तळाला चमचाभर दही घाला आणि रोज त्यावर साय टाकून हलवत जा. हे विरजण बरेच जण विसरतात आणि मग साय कडवट लागते, वास मारतो. डबा फ्रीजमधेच ठेवायचा. रोज लिटरभर दूध असेल तर आठ-दहा दिवसांत घुसळण्याइतकी साय जमते, त्याहून जास्त थांबू नका. आदल्या रात्री डबा बाहेर काढून ठेवा म्हणजे नीट विरजतं.

सकाळी रवीने घुसळा, मिक्सर चालेल पण थांबत थांबत फिरवा. उन्हाळ्यात बर्फाचे चार खडे टाकायचे, नाहीतर लोणी गोळाच धरत नाही, नुसतं पातळ फिरत राहतं आणि आपल्याला वाटतं बिघडलं. लोण्याचा गोळा निघाला की ताक बाजूला काढा आणि गोळा गार पाण्यात दोन-तीनदा धुवा. ताक राहिलं तर तूप आंबट होतं आणि बेरी, म्हणजे तूप कढवताना तळाला बसणारा गाळ, लवकर करपते.

आता जाड बुडाचं पातेलं, मंद गॅस. आधी फेस येतो, मग तडतड आवाज. तो लोण्यातल्या पाण्याचा, पाणी उडालं की आवाज बंद होतो आणि त्यानंतर खेळ एक-दोन मिनिटांचाच असतो. बेरी बदामी झाली की लगेच गॅस बंद, कारण गरम पातेल्यात ती पुढे लाल होतच राहते. मी एकदा नेमकी तेव्हाच फोनवर बोलत बसले, दहा दिवसांची साय काळी झाली आणि घरात तीन दिवस जळका वास!! उतरवताना विड्याचं पान टाकलं तर वास छान येतो. थोडं निवलं की कोरड्या बरणीत गाळायचं, ओली बरणी अजिबात नको. पाव किलोच्या आसपास मिळतं, दूध कसं आहे त्यावर कमीजास्त.

गाळणीतली बेरी टाकलीत तर तुम्हाला माझी शप्पथ. साखर घालून पोळीशी खा, आमच्याकडे तर वाटीवरून भांडणं होतात. पातेलं लगेच घासायला टाकू नका, त्यातच पोळ्यांची कणीक मळा, पोळ्या मऊ होतात आणि भांडंही निम्मं साफ. ताकाची कढी करा, फार आंबट झालं असेल तर भरपूर पाणी घालून कढीपत्त्याच्या कुंडीत ओता. दुधाची पिशवी उघडताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, लटकत राहू दे, ते बारीक तुकडे कोणी वेचत नाही. आत पाणी घालून खळबळून ते दुधातच ओतायचं आणि पिशवी वाळवून भंगारवाल्यासाठी साठवायची, आमचा तरी किलोवर घेतो.