गोळी लागते, पण एनिमी मरत नाही: शूटिंग गेममधल्या या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापुरात सात रस्त्याजवळ माझ्या घरी आठवी-नववीची मुलं पायथन आणि त्यात गेम बनवायचं पायगेम शिकायला येतात. पहिला गेम ठरलेला: खाली आपली तोफ, वरून येणारे एनिमी. आणि पहिल्या आठवड्यात एक वाक्यही ठरलेलं: "लागली की सर गोळी! मग मरत का नाही?"

गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर छर्रा लागला की फुगा आपोआप फुटतो. गेममध्ये आपोआप काहीच होत नाही. कॉम्प्युटरकडे असतात दोन चौकोन आणि त्यांचे आकडे. ते चौकोन एकमेकांवर चढलेत का, हे दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र नव्यानं काढलं जातं त्या प्रत्येक वेळी, तपासायला आपण सांगायचं असतं.

म्हणून अडलं की कोड वाचत बसू नका, आधी ते चौकोन स्क्रीनवर काढा. चित्रं काढून झाली की पायगेम.ड्रॉ.रेक्ट वापरून प्रत्येक एनिमीच्या आणि गोळीच्या रेक्टभोवती (पायगेममध्ये या चौकोनाला रेक्ट म्हणतात) एक पिक्सेल जाडीची लाल रेघ मारा. गेल्या वर्षी एका मुलानं ती मारली आणि सगळे एनिमी स्क्रीनभर फिरत असताना त्यांचे लाल चौकोन डाव्या वरच्या कोपऱ्यात एकावर एक साठलेले दिसले. जागा न सांगता चित्राकडून गेट_रेक्टनं चौकोन मागवला की तो शून्य, शून्यपासून, म्हणजे त्याच कोपऱ्यापासून सुरू होतो. तो जागेवर नेऊन ठेवणं आपलं काम. त्यानं एनिमीची जागा स्वतःच्या एक्स आणि वायमध्ये ठेवली होती, चित्र तिथे काढत होता आणि रेक्टला हात लावायचं विसरला होता. सुरुवातीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला इथेच सापडतं. चित्र काढताना जागा रेक्टमधूनच घ्या, म्हणजे दोघांची फारकत होणार नाही.

यातच एक छुपी गंमत आहे. साध्या रेक्टमध्ये पूर्णांकच राहतात. वेग 0.5 ठेवला तर 100.5 चे परत 100 होतात आणि एनिमी उजवीकडे हलतच नाही. डावीकडे मात्र 99.5 चे 99 होऊन तो दुप्पट वेगानं सरकतो. अपूर्णांक वेगळ्या व्हेरिएबलमध्ये जपा आणि दर फ्रेमला रेक्टमध्ये उतरवा.

दुसरी तक्रार जास्त चकवते: "कधी लागते, कधी आरपार जाते." समजा एनिमी 20 पिक्सेल उंच, गोळी 8 पिक्सेल लांब आणि गोळी एका फ्रेममध्ये 40 पिक्सेल वर जाते. दोघं एकमेकांवर येतील अशी पट्टी 28 पिक्सेलची, आणि उडी 40 ची. म्हणजे दहातल्या साधारण तीन गोळ्या एका फ्रेमला एनिमीच्या खाली असतात आणि पुढच्या फ्रेमला वर. मधे तपासणी झालीच नाही, तर टक्कर कळणार कशी? उपाय दोन. उडीचे 20-20 चे दोन तुकडे करून प्रत्येक तुकड्याला तपासा, किंवा गोळीचा आधीचा आणि आताचा रेक्ट युनियननं जोडून त्या लांब पट्टीवर तपासा. मला पहिला आवडतो, मुलांना तो बोट ठेवून दाखवता येतो. वेग सेकंदावर बांधला असेल तर आणखी सावध राहा. वेग सेकंदाला 600 पिक्सेल असेल तर सेकंदाला 60 फ्रेम असताना उडी 10 ची, पण जुना कॉम्प्युटर सेकंदाला 15 फ्रेमवर आला की तीच 40 ची होते. घरी चाललेला गेम दुसरीकडे बिघडतो तो असा.

उलट तक्रारही येते, न लागताच मरण्याची. गोल एनिमीचे चौकोनी कोपरे रिकामे असतात, गोळी तिथे आली तरी टक्कर धरली जाते. तेव्हा मास्क वापरायचा. पूर्व भागातल्या एका मुलीला हे समजावायला मला काही लागलंच नाही. तिच्या घरी चादरीचं डिझाइन ग्राफ पेपरवर घरं भरून काढतात. भरलेलं घर म्हणजे पिक्सेल आहे, रिकामं म्हणजे नाही, आणि दोन कागद एकावर एक ठेवल्यावर भरलेल्या घरावर भरलेलं घर आलं तरच टक्कर. कोलाइड_मास्क हेच करतं. पण सगळीकडे मास्क लावू नका. आपल्या तोफेचा चौकोन चारी बाजूंनी थोडा आत घेतला तरी खेळणाऱ्याला अन्याय वाटत नाही आणि काम हलकं राहतं.

एनिमी धडकला की शंभरची लाइफ दोन सेकंदांत संपते? टक्कर दर फ्रेमला नव्यानं मोजली जाते. एकेक करत सेकंदाला 60 गेले. धडकेची वेळ गेट_टिक्सनं लिहून ठेवा आणि पुढचे 1000 मिलिसेकंद दुसरी धडक धरू नका.

शेजारशेजारच्या दोन गोळ्यांपैकी एकच काम करत असेल, तर लूप बघा. ज्या लिस्टवर फॉर लूप फिरतोय तिच्यातूनच गोळी रिमूव्ह केली की पुढची गोळी एक घर मागे सरकते आणि लूप तिला ओलांडून जातो. लिस्टच्या कॉपीवर फिरा, काढायचं ते मूळ लिस्टमधून काढा. तिथेच, स्क्रीनच्या वर निघून गेलेल्या गोळ्याही काढून टाका. नाहीतर त्या दिसत नसल्या तरी प्रत्येक एनिमीशी तपासल्या जात राहतात आणि पाच मिनिटांत गेम रांगायला लागतो.