गेस्ट गेले, सामान राहिलं: होस्ट मंडळी, या चुका टाळा

"तुमचं काळ्या पट्ट्याचं घड्याळ पलंगामागे सापडलंय, पाठवू का?" असा मेसेज मी माझ्याकडे भाड्याने राहून गेलेल्या एका गेस्टना टाकला होता, सोबत फोटो. पाच मिनिटांत उत्तर, "अरे हो, पाठवा ना प्लीज." पाठवलं. चौथ्या दिवशी त्यांच्या आधी राहून गेलेल्या बाईंचा मेसेज, की वडिलांचं घड्याळ कुठेच सापडत नाहीये, मागच्या बाजूला त्यांची आद्याक्षरं कोरलेली आहेत, तुमच्याकडे राहिलंय का. आता ती अक्षरं मी स्वतः बघितली होती, घड्याळ पुसताना अंगठा त्यांच्यावरून फिरला होता, आणि तरी मी कुणाला एका शब्दाने विचारलं नव्हतं. बरं, ज्यांना पाठवलं ते काही चोर नव्हते. त्यांच्याकडेही काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं, ते बॅगेच्या तळाशी पडलेलं, प्रवासात घाईघाईत फोटो बघून त्यांना वाटलं आपलंच. पार्सल आलं ते न उघडताच कपाटावर ठेवून दिलेलं. घड्याळ मूळ मालकिणीकडे पोचायला तीन आठवडे लागले, दोन्ही वेळचा कुरिअरचा खर्च माझा, आणि त्या बाई एक अक्षर वाकडं बोलल्या नाहीत याचंच मला जास्त लागलं.

तर माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, काय सापडलं ते आपणच आधी सांगून मोकळं होणं. नवीन होस्टना याची भारी हौस असते, फोटो काढला की लगेच पाठवायचा, कारण त्यावर छान रिव्ह्यू मिळेल असं वाटतं. मी आता एवढंच लिहिते की खोलीत एक वस्तू मिळाली आहे, तुमचं काही कमी आहे का बघा, असेल तर काय आहे, कशी दिसते, काही खूण आहे का ते कळवा. वर्णन जुळलं तरच फोटो. आणि मेसेज फक्त जिथून बुकिंग झालं तिथल्या चॅटमध्ये. भलत्या नंबरवरून "मी तिथे राहिलेल्याची बहीण बोलतेय, अंगठी पाठवून द्या" असा फोन आला तर मी गोड आवाजात सांगते की ज्यांनी बुकिंग केलं त्यांना चॅटमध्ये लिहायला सांगा. कुणाला राग येतो. येऊ दे.

याच्यातच अजून एक गोष्ट येते. गेस्टच्या घरच्या नंबरवर फोन करून, पलीकडून कोण बोलतंय ते न विचारताच "बाथरूममध्ये तुमचं अमुक राहिलं" असं सांगायचं नाही. कोण कुणाबरोबर आलं होतं, कुणाला कसली गोळी चालू आहे, हे घरच्यांना कळवणं आपलं काम नाही. मी "एक खासगी वस्तू" एवढंच लिहिते, ज्याची असते त्याला बरोबर कळतं.

उचलायची घाई

आता एक गेस्ट सकाळी गेले आणि दुसरे दुपारी येणार, मध्ये जेमतेम तीन-चार तास, सगळा गोंधळ याच वेळात होतो. सफाईवाला दिसेल ते उचलतो आणि एका पिशवीत कोंबतो, तिला "राहिलेलं सामान" असं भारदस्त नाव देतात, आणि दोन महिन्यांनी त्या पिशवीत एक मोजा, तीन चार्जर, एक कर्णफूल आणि कुणाचा तरी चष्मा असतो आणि कुठलं कुणाचं ते सांगणारं कोणी नसतं. मी अशा पिशव्या पाहिल्यात, एक माझीच होती.

माझी सवय सांगते, पद्धत वगैरे काही नाही. वस्तू जिथे आहे तिथेच असताना आधी एक फोटो, मग उचलायची. फोटोत तारीख-वेळ आपोआप राहते, तीच पुढे वाद मिटवते. मग झिपवाली पिशवी, आत चिठ्ठी: तारीख, खोली, नेमकी जागा, कुणाला सापडलं. "बेडरूम" लिहून चालत नाही, "खिडकीकडच्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये मागे" असं लिहायचं, कारण गेस्ट जेव्हा म्हणतो की मी त्या बाजूला झोपलो होतो तेव्हा त्याचा अर्थ लागतो. एक वस्तू, एक पिशवी. सगळ्यांची मिळून एक पिशवी करायची नाही म्हणजे नाही.

चादरी काढताना एका झटक्यात गोळा करून लॉन्ड्रीला द्यायच्या नाहीत. अभ्रा उलटा करून झटकायचा, दुलईच्या खोळीत कोपऱ्यापर्यंत हात घालायचा. लहान मुलांची मऊ खेळणी तिथेच सापडतात, आणि मूल त्याशिवाय झोपत नसेल तर रात्री अकरा वाजता कुणाचा फोन येतो ते मला विचारा.

कचऱ्याचं पण तेच. कानाचं मशीन, दातांचा रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी), कवळी, या तिन्ही गोष्टी माणसं टिश्यूत गुंडाळून बेसिनजवळ ठेवतात आणि सफाईत तो टिश्यू कचरा म्हणून जातो. एका आजोबांचं कानातलं मशीन मी कचऱ्याच्या काळ्या पिशवीतून, हातमोजे घालून, जमिनीवर पेपर पसरून शोधलंय, सापडलं ते कॉफीच्या चोथ्यात. तेव्हापासून माझ्याकडे टिश्यू दाबून बघितल्याशिवाय टाकत नाहीत. मशीन सापडलंच तर कोरड्या फडक्याने पुसा, पाण्याखाली धरू नका, आणि बटणासारखी छोटी बॅटरी असलेलं असेल तर बॅटरीचं दार उघडून ठेवा म्हणजे मशीन बंद राहतं.

पार्सलमधली बॅटरी

याच्यावर मी तासभर बोलू शकते. एका गेस्टचं जाडजूड जॅकेट राहिलं, दुसऱ्या देशात परत गेलेले, मी भक्तिभावाने घडी घातली, खोक्यात भरलं, पाठवलं. आतल्या खिशात पॉवर बँक. मी बाहेरचे दोन खिसे बघितले होते, आतला नाही. पार्सल स्कॅनिंगला अडकलं, मग ना ते पुढे जाईना ना मागे येईना, रोज गेस्टचा मेसेज आणि माझ्याकडे उत्तर नाही. शेवटी महिन्याने जॅकेट माझ्याकडेच परत आलं, पॉवर बँक काढून घेतलेली, आणि तोवर तिकडची थंडी संपली होती.

सुटी लिथियम बॅटरी आणि फोनच्या आत बसवलेली बॅटरी, या दोन वेगळ्या गोष्टी धरतात, आणि पॉवर बँक सुट्या बॅटरीत येते. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला 1 एप्रिल 2016 पासून बंदी आहे. प्रवाशालासुद्धा ती चेक-इन बॅगेत टाकता येत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, आणि 100 वॉट-अवरच्या (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) वर असेल तर एअरलाइनची परवानगी लागते. (नेहमीची 20000 एमएएचची साधारण 74 वॉट-अवर भरते, 3.7 व्होल्टने गुणून हजाराने भागून बघा.) त्यामुळे परदेशी गेस्टला मी सरळ सांगते की पॉवर बँक विसरा, नवीन घ्या. परफ्यूम, डिओचा स्प्रे, नेल पॉलिश, हे ज्वलनशील, तेही विमानाच्या पार्सलमध्ये नाही. पाठवण्याआधी प्रत्येक खिसा, प्रत्येक चेन, बॅगेचा प्रत्येक कप्पा, माझी आता हाताला सवयच झाली आहे.

आणि परदेशी पार्सलच्या कस्टम्सच्या फॉर्मवर कर टाळायला "गिफ्ट" लिहायचा शॉर्टकट कुणीतरी शिकवतंच, सगळ्यांना तो फार हुशारीचा वाटतो. ते गिफ्ट नाहीये ना. ज्याची वस्तू त्याला परत जाते आहे, तेच लिहायचं, वापरलेलं वैयक्तिक सामान, मालकाला परत. खर्च किती तो वजन करून आधी कळवायचा, वजनकाट्यावरच्या खोक्याचा फोटो टाकायचा, पैसे आले की पाठवायचं. आधी पाठवून नंतर मागायला गेलात तर दहातले चार जण उत्तरच देत नाहीत, हा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही.

बाकीचं पटापट

फोन सापडला तर पासवर्ड ओळखायचा खेळ करू नका, चुकीचे आकडे टाकत राहिलात तर तो लॉक होऊन बसतो. चार्जिंगला लावा, चालू ठेवा, मालक तो लांबून शोधत असतो किंवा त्यावर फोन करतो. किल्ल्यांना एअरटॅग (हरवलेली वस्तू शोधायची छोटी गोल चकती) असेल तर त्याची पांढरी बाजू आपल्या फोनच्या वरच्या भागाला टेकवा, मालकाने हरवल्याची नोंद केली असेल आणि नंबर दिला असेल तर तो स्क्रीनवर दिसतो. निम्म्या होस्टना हे माहीतच नाही.

पासपोर्टला मात्र "संध्याकाळी बघू" चालत नाही. त्याच मिनिटाला कळवायचं, कारण घाबरून माणसाने एकदा हरवल्याची तक्रार केली की बहुतेक देशांत तो पासपोर्ट रद्द होतो, नंतर तुम्ही अगदी हातात नेऊन दिलात तरी त्यावर प्रवास करता येत नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. गेस्टशी संपर्कच झाला नाही तर त्या देशाच्या दूतावासाला कळवा.

फ्रिजचं दार विसरू नका. उरलेल्या सॉसच्या बाटल्यांबरोबर इन्सुलिनही फेकलं जातं. सापडलं तर तिथेच राहू द्या, फ्रीझरमध्ये चुकूनही नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. आणि कुठलंही औषध विचारल्याशिवाय कुरिअर करू नका.

ओले स्विमसूट प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका. एका दिवसात वास मारतात.

कुठलीही वस्तू किती दिवस सांभाळायची याचा कायदा जागोजागी वेगळा, तो आपापल्या ठिकाणचा बघा आणि घराच्या नियमांत आकडा लिहूनच टाका. मी 90 दिवस ठेवते. सापडली म्हणून ती आपली होत नाही, हे एका ओळखीच्या होस्टला मला तीनदा सांगावं लागलं, त्याने कुणाचा तरी सनग्लास घालून स्वतःचा प्रोफाइल फोटो बदलला होता.

मुळात कमी विसरलं जावं असं वाटत असेल तर चेकआउटच्या सकाळी मेसेज टाकून उपयोग नाही, तेव्हा माणसं टॅक्सीत बसायच्या घाईत असतात. मी आदल्या रात्री टाकते, आणि "सगळं तपासा" असं न लिहिता चार जागा लिहिते: पलंगामागचा सॉकेट, उशीखाली, फ्रिज, तिजोरी. बाथरूमच्या दारामागचा हूक तर मी काढूनच टाकला, दार उघडं असलं की तो दिसत नाही आणि निम्मे कपडे तिथेच राहायचे. खालचे खोल ड्रॉवरही काढले, आता उघड्या फळ्या आहेत. थोडं हॉस्टेलसारखं दिसतं खरं.

राहता राहिले चार्जर. पांढऱ्या भिंतीवर पांढरा चार्जर, कुणालाच दिसत नाही, सगळ्यात जास्त हेच राहतात आणि सगळ्यात कमी हेच कुणी मागतं. माझ्याकडे बुटांच्या खोक्यात सध्या सतरा आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी. पुढच्या गेस्टला वापरायला देत नाही, कुणाची वायर आतून कुठे तुटली आहे ते आपल्याला कळत नाही. 90 दिवस झाले की ते ई-कचऱ्यात जातात आणि खोकं परत भरायला लागतं.