टिबियल प्लॅटो फ्रॅक्चर : या चुका टाळा, फिल्मआधी पाय बघा

दुचाकीवरून पडलेला रुग्ण, टम्म सुजलेला गुडघा, एक्स-रेत नडगीच्या वरच्या टोकाला, म्हणजे गुडघ्याचा सांधा पेलणाऱ्या टिबियल प्लॅटोला, भेगा. सगळे फिल्मभोवती जमतात आणि पाय चादरीखालीच राहतो. पहिली चूक हीच. हाड आठवडाभर थांबतं. गुडघ्याखालचे स्नायू काही तासांत मरतात.

कारण साधं आहे. फुटलेल्या हाडातलं रक्त आणि सूज गुडघ्याखालच्या बंद कप्प्यांत साठते, दाब चढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात. इंजेक्शनलाही न जुमानणारं दुखणं आणि पायाची बोटं वर-खाली ताणताच उठणारी कळ, ही खूण. ‘नाडी लागतेय, म्हणजे ठीक आहे’ असं समजू नका. नाडी सगळ्यात शेवटी जाते. स्लॅब (प्लास्टरची अर्धी पट्टी) असेल तर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत कापा. तरीही शंका राहिली तर दाब मोजा. डायास्टोलिक (खालचा) रक्तदाब आणि कप्प्यातला दाब यांत 30 मिमी पाऱ्यापेक्षा कमी अंतर राहत असेल, तर चारही कप्पे उघडावेच लागतात. दुखणं पूर्ण मारणारा नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) अशा रुग्णाला देऊ नका, धोक्याची घंटाच बंद होते.

आतल्या बाजूचा प्लॅटो तुटला (शाट्झकर वर्गीकरणातला प्रकार 4) तर फिल्म साळसूद दिसते. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा निखळून परत बसलेला गुडघा असतो. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, हे गुणोत्तर 0.9 पेक्षा कमी आलं तर रक्तवाहिनी तपासायला सीटी अँजिओग्राफी करा. पाऊल वर उचलता येतं का, तेही ऑपरेशनआधी केसपेपरवर लिहा. नंतर पाऊल लुळं आढळलं तर नस कधी दुखावली याचा वाद मिटत नाही.

उलट टोकाची चूक वयस्कर बायकांत होते. बाथरूममध्ये पाय घसरतो, एक्स-रे ‘नॉर्मल’ येतो, मग घरी पाठवणं किंवा हाडवैद्याची मालिश. पायावर भार देता येत नसेल तर सीटी किंवा एमआरआय हवाच. निदान आडव्या किरणांचा बाजूचा एक्स-रे काढा. सांध्यात रक्तावर चरबीचा थर तरंगताना दिसला, तर हाड तुटलेलं आहे.

शाट्झकरचं 1979 चं वर्गीकरण प्रामुख्याने समोरच्या एक्स-रेवर बेतलेलं, म्हणून मागचा-आतला तुकडा त्यात निसटतो. बाहेरून लावलेल्या लॉकिंग प्लेटचे स्क्रू त्या तुकड्याला नीट पकडत नाहीत. तो खाली सरकतो, पाय आत वाकतो. त्याला मागून-आतून स्वतंत्र बट्रेस (टेकू देणारी) प्लेट लागते. जोराच्या मारात सीटी एक्सटर्नल फिक्सेटर (हाडं बाहेरून ताणून धरणारी चौकट) लावल्यानंतर काढा, ताणामुळे तुकडे ओळखू येतात. फिक्सेटरच्या पिना मात्र पुढच्या प्लेटच्या जागेत मारू नका.

फोड आलेल्या, चकाकणाऱ्या कातडीवर चाकू नको. सुरकुत्या पडेपर्यंत थांबा, बऱ्याचदा 7 ते 14 दिवस. दोन प्लेट लागणार असतील तर दोन चिरा घ्या, मध्ये किमान 7 सेंमी कातडी राखून. मधोमध एकच चीर देऊन दोन्ही बाजू सोलल्या की जखम उघडते, पू होतो.

खचलेला पृष्ठभाग सांध्यातून टोचून उचलू नका, कूर्चेचे तुकडे होतात. खालून हाडाला खिडकी पाडून टॅम्पने (बोथट दांड्याने) सगळा गठ्ठा एकत्र वर ढकला. खालच्या पोकळीत कमरेचं हाड किंवा कॅल्शियम फॉस्फेट भरा, वर कूर्चेलगत 3.5 मिमी स्क्रूंची ओळ. मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) उचलून सांधा डोळ्यांनी बघा. फाटला असेल तर तिथेच शिवा. आतला प्लॅटो बाहेरच्यापेक्षा थोडा खाली आणि खोलगट असतो, त्यामुळे बाहेरून फार वर मारलेला स्क्रू पलीकडे सांध्यात निघतो. सी-आर्मचा (ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राचा) किरण पावलांकडे सुमारे 10 अंश कलवून खात्री करा.

नंतरच्या दोन चुका घरच्या. महिनाभर प्लास्टर, की गुडघा आखडला. पहिल्या दिवसांपासून वाकवायचा, पण भार साधारण 6 ते 12 आठवडे नाही. आणि गुडघ्याखाली उशी नको; बरं वाटतं खरं, पण गुडघा पुरता सरळ होईनासा होतो. उशी घोट्याखाली द्या.